वीसपैकी वीस

१

तीनला ताईची कूस बदलायची आणि चारला प्रश्नमंजूषा लावायची, हे आमचं शनिवारचं ठरलेलं. बाकीचे सहा दिवस नुसती कूस.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं ग्रंथालयात होती. वर्ष होत आलं, तिच्या मेंदूत रक्त गोठलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण बघते कुठे ते कळत नाही. "डावा हात थोडा राहिलाय," असं डॉक्टर म्हणाले, आणि असे म्हणाले की दुकानात तेवढाच माल उरलाय, हवा तर घ्या.

मी बोचकं उचललं आणि तिच्याकडे राहायला आले. मला मागे कुणी नाही आणि पुढेही कुणी नाही. शिकले चौथीपर्यंत. मग हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं वाफेच्या प्रेसवर चादरी दाबल्या. त्या वाफेने हातांचं कातडं असं शिजलंय की गरम-गार काही कळत नाही. उकळत्या चहाचा पेला मी तसाच उचलते, बघणारेच ओरडतात. हे आधीच सांगून ठेवते.

कूस बदलायची ती दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. नर्सबाई दिवसाआड येतात, त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सध्या नऊला उताणी, अकराला डावी कूस, एकला उताणी, तीनला उजवी कूस. उजवी म्हणजे भिंतीकडे तोंड. पाठीला एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, छातीशी एक, आणि डावा हात त्या छातीच्या उशीवर नीट ठेवायचा. "हात हवेत लटकता कामा नये हं धाकट्या," नर्सबाई म्हणाल्या. ताईला त्या मोठ्या म्हणतात आणि मला धाकट्या. इतकं वय झालं तरी मी कुणाची तरी धाकटीच.

तर तीनला मी तिला उजव्या कुशीवर वळवते, हात उशीवर ठेवते, वर जाड पांघरूण घालते, माझी कंबर धरून दोन मिनिटं नुसती उभी राहते. मग खुर्ची ओढून तिच्या पाठीशी बसायचे आणि तिचा फोन उघडायचे.

२

ताईच्या फोनमध्ये एक वाचकांचं मंडळ आहे. कसर मंडळ. पुस्तकं खाणारा तो चंदेरी किडा असतो ना, त्याच्यावरून. पाच-पन्नास लोक, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. दर शनिवारी चारला प्रश्नमंजूषा, पुस्तकांवरचे वीस प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय आणि एक मिनिट. प्रश्न काढणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. तो आधी छापखान्यात चुका तपासायचा, आता लोकांच्या काढतो.

ताई आजारी पडल्यावर दीड महिन्याने फोन असाच चारला वाजला. मी वैतागले होते. तिला म्हटलं, "घे, आले तुझे किडे. सांग उत्तर!" आणि प्रश्न मोठ्याने वाचला, पर्याय एक ते चार वाचले. तेव्हा ती उताणी होती, हात पांघरुणावर होता, माझ्या हातात. तिने दाबला. इतका हलका, की मला आधी भास वाटला. दोनदा. मी दोन नंबरवर बोट ठेवलं. बरोबर.

मी फोन खाली ठेवून रडले आणि त्या नादात पुढचे तीन प्रश्न हुकले.

त्या दिवशी वीसपैकी नऊ आले. पुढच्या शनिवारी अकरा, मग बारा. कधी वेळ संपून जायचा. ती दाबायची पण फार सावकाश, विहिरीतून बादली ओढावी तशी. मग थंडी पडली. जाड पांघरूण बाहेर काढलं. नर्सबाईंनी वेळापत्रक बदललं आणि तीनला उजवी कूस आली. तिचा हात उघडा पडू नये म्हणून मी माझाच हात मागून पांघरुणात घालायला लागले. पहिल्याच दिवशी तिच्या कमरेपाशी तिचा हात सापडला. उशीवरून घरंगळला असेल, म्हटलं.

त्या शनिवारपासून वीसपैकी वीस.

एकदम झटपट. माझं वाचून होतं न होतं तोच दाबायची. मंडळात गुलाल उधळायचाच बाकी राहिला. मास्तरने लिहिलं, "ताई परतल्या!"

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं फक्त तिच्या मुलाला.

३

भाचा दुसऱ्या शहरात असतो. वाईट नाही. दमलेला आहे. फोनवरच सगळं चालवतो, उंटावरून शेळ्या हाकतो तसा, पण शेळ्यांची काळजी आहे त्याला.

"मावशी, मी डॉक्टरांशी बोललो. ते म्हणतात आईला काहीच कळत नाही. हात दाबते ते आपोआप होतं, लहान मुलाचं बोट धरल्यावर होतं तसं."

"लहान मुलाला वीसपैकी वीस पडतात का रे?"

"तू सांगतेस उत्तरं."

"मी? अरे, मला जोडाक्षर आलं की दम लागतो."

तो हसला, मग म्हणाला, "तुझी कंबर गेलीय. तू साठीला टेकलीयस. तिथे जवळच एक चांगली संस्था आहे, चोवीस तास माणसं असतात. आईला कळत नसेल तर तिला कुठे ठेवली याने फरक पडत नाही ना? आणि कळत असेल तर..."

"कळत असेल तर?"

"तर मी तिला हलवणार नाही. शप्पथ. पण मी स्वतः बघणार. महिनाअखेरच्या शनिवारी येतो."

ती संस्था मी पाहिलीय. तिथल्या चादरी आमच्याच धुलाईघरात यायच्या. माणसांना वेळेवर कूस मिळते की नाही ते चादरीवरून कळतं. मला कुणी सांगायला नको.

म्हणून मला वीस हवे होते. दर शनिवारी. काही झालं तरी.

४

पहिली खोट निघाली ती नावाड्याच्या बायकोवरून.

लहानपणी ताईने मला एकच पुस्तक पुन्हापुन्हा वाचून दाखवलं होतं. नावाडी बुडतो, त्याची बायको नाव चालवते, आणि शेवटी एक दिवस नाव काठाला सोडून चालत निघून जाते. नावेत राहतात तिच्या चपला. या चपलांवरून आम्ही दोघी किती वेळा भांडलो. मी म्हणायची, अनवाणी कशी गेली? पाय पोळले असतील! ताई म्हणायची, "अगं, म्हणूनच तर."

त्या शनिवारी तोच प्रश्न आला. नावाड्याची बायको नावेत काय सोडून जाते? एक, वल्हं. दोन, कंदील. तीन, चपला. चार, घागर.

मी वाचतानाच हसत होते. माझ्या हातात तीनदा दाब येणार, म्हणून बोट तीनवर तयार ठेवलं होतं.

एक. दोन. बस.

"ताई, काय गं? कंदील?"

पुन्हा एक, दोन. ठाम.

मी दोनवर बोट ठेवलं. हिरवं झालं. बरोबर.

पाठोपाठ मंडळात कल्ला. सगळ्यांनी चपला निवडल्या होत्या आणि सगळे चुकीचे ठरले होते. मास्तरने माफी मागितली. उत्तराची खूण करताना त्याचं बोट घसरलं होतं. चपलाच बरोबर. एका बाईने लिहिलं, "मग ताईंनी कंदील कसा दिला? मास्तरांच्या वहीत डोकावता की काय ओ?" सगळे हसले. हसणारे चेहरे पाठवले.

मी नाही हसले. ताईच्या पाठीकडे बघत बसले. ती पाठ मी रोज पुसते. तिथला प्रत्येक तीळ मला माहीत आहे.

तिने चपला म्हणायला हवं होतं. जगातली सगळी पुस्तकं विसरली तरी तिने चपलाच म्हणायला हवं होतं.

मग मी स्वतःची समजूत घातली. मेंदूला मार बसलाय बाई. एखादं उत्तर चुकणारच. चुकलं ते नेमकं मास्तरच्या चुकीशी जुळलं. होतं असं.

समजूत घालणं मला चांगलं जमतं. नवरा गेला तेव्हापासूनचा सराव आहे.

५

पुढच्या शनिवारी माझीच चूक झाली.

रात्रभर ताईला खोकला होता. मी डोळ्यांत तेल घालून बसले आणि दुपारपर्यंत त्या डोळ्यांत वाळू झाली. सातवा प्रश्न होता, कुठल्या तरी लेखकाने तुरुंगात असताना कशावर लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढत होती. मी वाचलं, "एक, भिंतीवर. दोन, चादरीवर. तीन, पत्रावळीवर." वाचून थांबले. तीनच कसे? चौथा कुठे?

तेवढ्यात हातात दाब आला. एक, दोन, तीन, चार.

फोन डोळ्यांजवळ नेला. दुसरा पर्याय मी गाळला होता. पडद्यावर होतं, एक भिंतीवर, दोन सिगारेटच्या कागदावर, तीन चादरीवर, चार पत्रावळीवर.

मी चारवर बोट ठेवलं. हिरवं.

तुम्हाला कळलं का? मी तीनच पर्याय वाचले होते. चार हा आकडा माझ्या तोंडून निघालाच नव्हता. ताईला पत्रावळ म्हणायचं असतं तर तिने तीनदा दाबलं असतं. मी जे वाचलं त्याचं हे उत्तर नव्हतं. पडद्यावर जे होतं त्याचं होतं.

आणि ताईचं तोंड भिंतीकडे. पडदा माझ्या मांडीवर, तिच्या पाठीमागे.

मी मान वळवून माझ्या मागे बघितलं. कपाट, खुंटीवरचा टॉवेल, अर्धं उघडं दार, पलीकडे ओट्यावर झाकलेलं दूध. बास.

बघितलं म्हणून माझाच मला राग आला. काय शोधत होतीस गं, म्हटलं. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, प्रेतांच्या चादरी दाबल्या, तेव्हा कधी मागे वळून पाहिलं नाहीस.

६

भिंतीवर ताईच्या डोळ्यांसमोर एक तसबीर होती. ग्रंथालयातल्या लोकांची, काचेची. मला सुचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. काच! फोनचा उजेड काचेत पडतो. ताईला उलटी अक्षरंसुद्धा वाचता येतात, ग्रंथालयात टेबलापलीकडच्या माणसाचा अर्ज ती वाचून टाकायची. हुशार बाई. मला फसवत होती.

"पकडली की नाही!" मी तिला म्हटलं, आणि तसबीर काढून दुसऱ्या खोलीत ठेवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

त्या शनिवारी मी आणखी एक केलं. पहिला प्रश्न आला तो वाचलाच नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत. एक हात पांघरुणात, दुसऱ्यात फोन, आणि गप्प.

खोलीत ताईचा श्वास. घड्याळ. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शिडी ओढत नेत होतं.

एक. दोन. तीन.

तीनवर बोट ठेवलं. हिरवं.

दुसरा. गप्प. एक. हिरवं.

विसावा प्रश्न येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. वीसपैकी वीस. मास्तरने लिहिलं, "ताई, तुमच्यासमोर आम्ही सगळे शिकाऊ."

मी हात बाहेर काढला, कपड्याला पुसला. ओला नव्हता. तरी पुसला.

पांघरूण उचलून बघायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं. पाचला कूस बदलताना उचललंच की. ताई, तीन उशा, आणि छातीच्या उशीवर तिचा डावा हात, मी ठेवला होता तसा. बोटंही तशीच. चादरीवर एक वळी नाही. आणि वळी मला कळते. तेवढंच मला कळतं.

ते बघितलं, आणि जे कळायचं ते कळू दिलं नाही. खरं सांगते. हात घरंगळला होता, परत जाऊन बसला, असं म्हटलं. पुढच्या शनिवारी भाचा येणार होता. मला वीस हवे होते. उत्तर कुठूनही येईना का, ताई इथे राहतेय ना? त्याला तेवढंच बघायचंय.

कळतं पण वळत नाही म्हणतात. माझं वळत होतं, दर दोन तासांनी. कळूनच घ्यायचं नव्हतं.

७

भाचा दोनला आला. सडपातळ झालाय. आईच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आरशात बघतेस का कधी, मावशी?"

"वेळ नाही. तू आलास, तूच बघ."

तीनला आम्ही दोघांनी मिळून ताईची कूस बदलली. मी त्याला शिकवलं. पाठीला उशी, गुडघ्यांत उशी, छातीशी उशी. डावा हात त्यानेच उशीवर ठेवला, अंगठ्याने जरा कुरवाळला.

चारला पाच मिनिटं असताना मी माझ्या खुर्चीवर बसले आणि सवयीने हात मागून पांघरुणात घातला. हात सापडला. पकडला.

"थांब," भाचा म्हणाला. "आईचा हात मी धरणार. तू फक्त वाच."

"धर की. कुठून धरशील? इकडे ये, मी उठते."

"इथूनच." त्याने पलंगाला खांदा लावला आणि तो भिंतीपासून हातभर पुढे सरकवला. सगळं घर कुरकुरलं. त्या फटीत तो शिरला, आईच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसला, आणि छातीच्या उशीवरचा तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"हा बघ. धरला."

मी पांघरुणाकडे बघितलं.

माझ्या हातात हात होता.

"मावशी? लाव ना. चार वाजले."

८

पहिला प्रश्न मी वाचला. कसा वाचला ते मला आठवत नाही. चारही पर्याय वाचले. शेवटचा तोंडात असतानाच पांघरुणाखाली माझ्या तळव्यात दाब आला. एक, दोन. मी दोनवर बोट ठेवलं. हिरवं.

"आईने काहीच दाबलं नाही," भाचा म्हणाला.

दुसरा प्रश्न. तळव्यात एक. हिरवं.

"मावशी, आईचा हात माझ्याकडे आहे. ती हललीसुद्धा नाही. तू कशावरून उत्तर देतेयस?"

तिसरा. मी वाचला, तळव्यात चार. बोट ठेवणार, तोच तो ओरडला, "बंद कर! मला मूर्ख बनवतेयस? नऊ महिने तू स्वतःला फसवलंस ते फसवलंस, मला कशाला?" मग त्याचा आवाजच बसला. "मला वाटलं होतं गं... खरंच वाटलं होतं की आई आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो पलीकडे, मी अलीकडे, मध्ये ताई, तिचा एक हात त्याच्याकडे, आणि उजवा तर तिच्याच अंगाखाली, लुळा. मी मोजत होते. दोनच असतात माणसाला. पुन्हा मोजले.

त्या क्षणी मला फक्त एक गोष्ट आठवली. ताई सावकाश दाबायची. पहिल्या दिवसांत. विहिरीतून बादली ओढावी तशी. एक मिनिट पुरायचं नाही तिला. आणि थंडी पडल्यापासून मी तिला एक मिनिट दिलंच नव्हतं. दुसरं कुणी आधी सांगत होतं, आणि मी लगेच बोट ठेवत होते.

"एकदा," मी म्हटलं. "अजून एकच. तू हात धरून ठेव, बोलू नकोस. मी बोट लावणार नाही. मिनिटभर आपण दोघं गप्प बसायचं."

"मावशी..."

"तुला मी दूध पाजलंय वाटीने. गप्प बस म्हटलं तर गप्प बस."

चौथा प्रश्न आला. वैद्य आपल्या मुलीला लग्नात काय देतो? पडद्यावर पर्याय होते, एक खलबत्ता, दोन छत्री, तीन दिवा, चार कुलूप. गोष्ट कुठली ते मला माहीत नव्हतं. ताईला असणार.

मी सावकाश, ताईच्या कानाशी वाकून वाचलं. "ताई, ऐक. वैद्य मुलीला लग्नात काय देतो? एक, खलबत्ता. दोन, दिवा. तीन, कुलूप." छत्री मुद्दाम गाळली. "तीनच आहेत, ताई. घाई नाही."

माझ्या तळव्यात लगेच दाब आला. एक, दोन, तीन, चार.

मी बोट हलवलं नाही.

पुन्हा. एक, दोन, तीन, चार. जरा जोरात. मी बसून राहिले. पडद्यावर सेकंद उतरत होते. चाळीस. पस्तीस. तळव्यातला दाब आता थांबतच नव्हता, चार, मग चार, मग चार, दारावर कुणी ठोकत राहावं तसा. वीस. ताईचा श्वास अडखळला. बारा.

"मावशी," भाचा कुजबुजला. "एक."

मी डोळे मिटले.

"दोन... मावशी, ती दाबतेय... थांब, थांब... तीन." तो वाट बघत राहिला. "तीन. थांबली."

वेळ संपला. फोन लाल झाला, आणि बरोबर उत्तर दाखवलं. चार, कुलूप.

"चुकली," तो म्हणाला. हसत होता की रडत होता ते कळेना. "पण दाबलं तिने, मावशी!"

"नाही चुकली." मी फोन त्याच्याकडे सरकवला. "हे बघ. छत्री मी वाचलीच नाही. मुद्दाम. मी वाचलं त्यात कुलूप तिसरं होतं. तिने माझं ऐकलं आणि ऐकून उत्तर दिलं. तुझी आई इथेच आहे. पहिल्यापासून इथेच होती."

त्याने फोन पाहिला, ओठ हलवत दोनदा मोजलं. मग आईच्या हातावर डोकं टेकवलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला. ताईचा अंगठा त्याच्या केसांत हलला. मी बघितला. अगदी सावकाश.

"कुठेही नेत नाही तुला," तो म्हणत होता. "कुठेही नाही. मावशी, इकडे ये ना. तूही धर हिचा हात. ये."

"आले," मी म्हटलं. "थांब जरा. माझा हात सोडत नाहीये."

त्याला वाटलं, मी चादरीत अडकले.

९

आता पलंग भिंतीपासून लांब असतो. मी त्या फटीत स्टूल टाकून बसते, ताईच्या तोंडासमोर. पलीकडची खुर्ची तिथेच आहे. काढून टाकायला मला त्या बाजूने वाकावं लागेल, आणि माझी कंबर गेलीय.

सुटले कशी ते सांगत नाही. मनगटावर चार बोटांचा काळा डाग होता, महिनाभर राहिला. भाच्याला म्हटलं, प्रेसचा जुना डाग आहे.

शनिवारी आमचे दहा येतात, कधी बारा. मंडळात लोक हळहळतात, ताईंची धार गेली म्हणतात. ताई चुकली की डाव्या भुवईने चिडते. ते मला थंडीभर दिसलं नव्हतं, कारण मी तिच्या पाठीशी बसायचे. एकदा नावाड्याच्या बायकोचं पुस्तक मी तिला वाचून दाखवलं, अडखळत, जोडाक्षरांवर दम घेत. शेवटी विचारलं, "अनवाणी का गेली गं?" तिने माझा हात दाबला. एकदाच. त्याला पर्याय नव्हते.

मी दमलेय. पण ते वेगळं.

परवा नर्सबाई आल्या तेव्हा तीन वाजले होते. आम्ही ताईला वळवली. मी फटीत बसून तिची बोटं उघडमीट करून घेत होते. तिचा व्यायाम असतो. आता उजव्या हाताचाही असतो, तो अंगाखालून ओढून पुढे ठेवायला नर्सबाईंनी शिकवलंय. पाठीला जखम नाही ना ते बघायला त्या पलीकडे गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. मागून पांघरुणात हात घातला.

मी वर बघितलं. "नर्सबाई, तिथे..."

"अहो धाकट्या!" त्यांचं तोंड फुललं. "मोठ्यांच्या हातात काय जोर आलाय! दाबतायत बघा छान. एक, दोन, तीन, चार."

ताईचा हात माझ्या हातात होता. डावाही, आणि उजवाही.